वरची खोली नकाशात नाही, लोन ट्रान्सफर होईल का?

या महिन्यात एकाच विषयाची बरीच पत्रं आली. व्याजदर उतरलेत म्हणून लोक होम लोन दुसऱ्या बँकेत न्यायला निघाले आणि तिथे घराची मोजणी झाल्यावर अडकले. त्यातली तीन पत्रं घेतलीत, पहिल्याला जास्त जागा दिली आहे कारण तसं घर आपल्या निम्म्या वाचकांचं असेल.

प्रश्न : ताई नमस्कार. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचा स्वतंत्र प्लॉटवर छोटा बंगला आहे. 2014 ला रीसेलमध्ये घेतला, 32 लाखांचं लोन 20 वर्षांसाठी, नकाशा मंजूर आहे आणि कम्प्लिशनचा (पूर्णत्वाचा) दाखला पण आहे. 2018 मध्ये धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा गच्चीवर एक खोली आणि बाथरूम काढलं, मागच्या बाजूला मार्जिनमध्ये (घर आणि हद्दीमध्ये मोकळी सोडायच्या जागेत) पत्रे टाकून धुण्याभांड्याची जागा केली. परवानगी घेतली नाही, मिस्त्री म्हणाला सगळेच करतात. आता साडेएकवीस लाख बाकी आहेत, व्याज 9.6 टक्के पडतंय आणि दुसरी बँक 8 टक्क्यांनी घ्यायला तयार होती, वर 6 लाख टॉपअप, म्हणजे त्याच घरावर जास्तीचं लोन, पण देणार होती. पण त्यांचा माणूस घर बघून गेला आणि फाइल परत आली, म्हणे डेव्हिएशन आहे, म्हणजे बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे नाही. एजंट म्हणतो की एक इंजिनिअर ओळखीचा आहे, तो नवीन नकाशा "करून देतो", किंवा दुसऱ्या बँकेच्या व्हिजिटच्या दिवशी खोलीला कुलूप लावून ठेवा. काय करू? बायको म्हणते ताईंना विचारा. — एक वाचक, नाशिक

उत्तर : वहिनींचे आभार, वेळेवर विचारलंत. आधी एजंटचं बोलते, कारण ते सगळ्यात धोक्याचं आहे. "करून दिलेला" नकाशा म्हणजे बनावट कागद, आणि तो बँकेत कर्जासाठी दाखल झाला की प्रकरण बांधकामाचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. त्यात सही तुमची असते, एजंटची नाही. आत्ता तुमच्याकडे फक्त एक विनापरवाना खोली आहे, ती निस्तरता येते, तिच्यावर खोट्या कागदाचं ओझं कृपा करून चढवू नका.

कुलपाचा सल्लाही कामाचा नाही. मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात 27 वर्षं काढली, टेक्निकल रिपोर्ट रोज टेबलावर यायचे. व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवायला बँक पाठवते तो माणूस, हातात मंजूर नकाशा घेऊन येतो आणि आधी जिना बघतो. नकाशात जिना जिथे संपतो तिथून तो पुढे वर जात असेल तर त्याला खोलीचं दार उघडायचीही गरज नसते, मग रस्त्यावर उभं राहून फोटो काढतो, पाण्याची टाकी किती उंचीवर आहे ते बघतो, चारही बाजूंची मार्जिन टेपनं मोजतो. रिपोर्टमध्ये मंजूर क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र असे दोन वेगळे आकडे येतात, शिवाय बहुतेक बँकांच्या फॉर्ममध्ये पाडकामाचा धोका किती, कमी की मध्यम की जास्त, असा एक रकाना असतो. तुमची फाइल त्या रकान्यानं परत पाठवली असणार.

बँका एवढ्या कडक का, हे पण समजून घ्या म्हणजे राग येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2006 पासून सूचना आहेत की घरासाठी कर्ज देताना मंजूर नकाशा घ्यायचा, बांधकाम नकाशाप्रमाणेच आहे असं शपथपत्र कर्जदाराकडून घ्यायचं आणि बँकेच्या आर्किटेक्टनं तसं प्रमाणित करायचं. तुमच्या 2014 च्या कागदांत असं शपथपत्र बहुतेक सापडेल, काढून बघा, आणि त्याच करारात बँकेला लेखी विचारल्याशिवाय वाढीव काम करणार नाही असंही कलम साधारण असतंच. नंतर 17 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं मेरठच्या एका प्रकरणात निकाल देताना सांगितलं की इमारत तारण घेऊन कर्ज द्यायचं तर बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासूनच द्यावं. तेव्हापासून आधी डोळेझाक करणारे ब्रँच मॅनेजर पण कागद मागायला लागले.

आता पैशाचं. तुम्ही ट्रान्सफरच्या मागे का लागलात ते मला कळतं, पण ट्रान्सफर न करताही बराचसा फायदा मिळू शकतो ही गोष्ट एजंट कधी सांगत नाही कारण त्याला त्यात काही सुटत नाही. तुमचं लोन 2014 चं, म्हणजे बेस रेटच्या काळातलं, तेव्हा दर बँक स्वतःच्या हिशोबानं ठरवायची. एप्रिल 2016 पासून एमसीएलआर ही तशीच दुसरी पद्धत आली आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन फ्लोटिंग (बदलत्या दराचं) होम लोन रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडणं सक्तीचं झालं. रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये रेपो फेब्रुवारीत 6.50 वरून 6.25, एप्रिलमध्ये 6 आणि जूनमध्ये 5.50 केला, त्याचा फायदा रेपोवाल्यांना लगेच मिळाला आणि जुन्या पद्धतीवर बसलेले तुमच्यासारखे लोक मागे राहिले. तेव्हा उद्याच स्वतःच्या बँकेत जा आणि लेखी अर्ज द्या की माझं लोन रेपो-लिंक्ड दरावर बदलून द्या. थोडी कन्व्हर्जन फी लागते. हे त्याच बँकेतलं त्याच कर्जाचं काम आहे, नवीन तारण नाही, त्यामुळे साधारण कोणी घर मोजायला येत नाही.

मी हिशोब करून बघितला. साडेएकवीस लाख, 9 वर्षं, 9.6 टक्क्यांनी हप्ता साधारण 29,800. नवीन बँकेच्या 8 टक्क्यांनी तो 27,990 झाला असता, म्हणजे महिन्याला 1,800 वाचले असते. आणि तुमच्याच बँकेनं समजा 8.4 वर आणलं तर हप्ता 28,440, महिन्याला 1,360 रुपये वाचतात. म्हणजे फायद्याचा पाऊण हिस्सा घरबसल्या मिळाला, आणि नवीन बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, गहाणाच्या सूचनेची परत नोंदणी, परत स्टॅम्प ड्युटी हे सगळं वाचलं ते वेगळंच. जुनी बँक आडमुठेपणा करत असेल तर नवीन बँकेचं ऑफर लेटर दाखवा, फाइल परत आली असली तरी दराचं पत्र तर तुमच्याकडे आहे. फ्लोटिंग लोन बंद करायला वैयक्तिक कर्जदाराला 2012 पासून दंड लागत नाही, हे बँकेलाही माहीत असतं, त्यामुळे चांगला हप्तेवाला जाऊ द्यायला ती सहसा तयार नसते.

राहिला टॉपअप, आणि भावाच्या संसाराची ती खोली. इथे मला तुम्हाला थोडी आशा द्यायची आहे आणि ती खोटी नाही. तुमचा नकाशा मंजूर झाला तेव्हाचे नियम वेगळे होते. डिसेंबर 2020 पासून मुंबई वगैरे काही भाग सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, यूडीसीपीआर म्हणतात ती. तिच्यात महापालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) 1.1 आहे आणि त्यावर प्रीमियम, म्हणजे जास्तीचं शुल्क, भरून राहण्याच्या बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत अँसिलरी, म्हणजे वाढीव, एफएसआय मिळतो. मात्र आता बाल्कनीसुद्धा मोजणीत येते, हे लक्षात ठेवा. एक उदाहरण घ्या, प्लॉट 150 चौरस मीटर असेल तर मूळ 165 आणि अँसिलरी धरून 264 चौरस मीटरपर्यंत जागा होते, जुन्या नियमानं त्याच प्लॉटवर 150 च्या आसपास थांबावं लागायचं. म्हणजे 2018 ला जी खोली कोणत्याच हिशोबात बसत नव्हती ती आज कदाचित बसते. ती अधिकृत झालेली नाहीये, पण करता येण्यासारखी असू शकते, आणि हे तपासायला तुमच्या भागातला परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर लागतो, मिस्त्री नाही.

आर्किटेक्टकडून आधी फक्त आहे तसं मोजमाप करून घ्या आणि मंजूर नकाशावर लाल रेघेनं फरक दाखवायला सांगा. बसत असेल तर सुधारित नकाशाचा अर्ज, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, तडजोड शुल्क, प्रीमियम (तो रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी, जमिनीच्या दरावर निघतो), असा तो रस्ता आहे. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात, विनापरवाना बांधकामाबद्दल कलम 53 ची नोटीस आल्यावर कलम 44 खाली बांधकाम राखण्यासाठी अर्ज करता येतो, पण नोटिशीची वाट कशाला बघायची, स्वतःहून गेलेल्या माणसाला टेबलापलीकडचा माणूसही वेगळं वागवतो.

स्ट्रक्चरल दाखल्याला फॉर्मॅलिटी समजू नका. घराचा पाया ज्या वजनासाठी काढला होता त्यावर तुम्ही एक खोली, बाथरूम आणि बहुतेक पाण्याची टाकी चढवली आहे आणि त्या खोलीत तुमचा भाऊ, भावजय झोपतात. बँक राहू दे बाजूला, हा दाखला मला तुमच्यासाठी हवाय.

मागचे पत्रे मात्र काढून टाका. मार्जिनमध्ये सूट हवी असेल तर हार्डशिप प्रीमियम भरून प्रयत्न होतो पण चार पत्र्यांसाठी तेवढा खर्च आणि खेटे घालण्यात अर्थ नाही, धुण्याची सोय गच्चीवर करता येईल. पत्रे निघाले की रिपोर्टमधला एक मुद्दा त्याच दिवशी कमी होतो.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बँक किंमत धरते ती मंजूर भागाची, ती खोली धरून तुम्हाला एक रुपयाही जास्त मिळणार नव्हता. बाकी साडेएकवीस अधिक टॉपअप 6, म्हणजे साडेसत्तावीस लाख झाले, इंदिरानगरला जमिनीचा भाव बघता नुसता मंजूर बंगलाही त्याला पुरून उरेल. म्हणून पुढच्या वेळी बँकेत गेलात की पहिल्याच भेटीत सांगा, वर एक खोली नकाशात नाही, सुधारित नकाशाचा अर्ज केलाय, ही पोच. काही बँका मंजूर भागापुरतं मूल्यांकन करून लोन देतात, काही देत नाहीत, प्रत्येकीचं धोरण वेगळं, पण निदान फी भरायच्या आधी कळेल. टॉपअपची फारच घाई असेल तर तोही आधी जुन्या बँकेतच विचारा, फक्त टॉपअपला ते परत माणूस पाठवू शकतात, म्हणून दर बदलून घेण्याचा अर्ज आधी आणि टॉपअपचा नंतर, हा क्रम चुकवू नका.

प्रश्न : थेरगावला दीड गुंठ्यात आमचं तीन मजली घर आहे, वडिलांनी 2007 मध्ये बांधलं, नकाशा वगैरे काही नाही. फायनान्स कंपनीचं लोन आहे, व्याज खूप आहे. आता शास्तीकर माफ झाला म्हणजे घर रेग्युलर झालं ना? घरपट्टी, लाइट मीटर सगळं आमच्या नावावर आहे. मग सरकारी बँक लोन घेईल का? — पिंपरी-चिंचवडची एक मुलगी

उत्तर : ताई, नाही. हे थोडं कठोर वाटेल पण तुला स्पष्ट सांगणारं कोणी हवं. शास्तीकर हा अवैध बांधकामावर घरपट्टीच्या दुपटीपर्यंत लागणारा दंड होता, 2008 पासून तुमच्या भागातल्या माणसांनी त्याचा केवढा त्रास काढला ते मी जवळून बघितलंय, आणि 2023 मध्ये तो माफ झाला हे चांगलंच झालं. पण माफ झाला तो दंड. ज्या कलमाखाली तो लागायचा त्यातच लिहिलंय की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. घरपट्टीचं आणि लाइटच्या मीटरचंही तेच आहे, त्यातून कोण राहतं ते कळतं, बांधायला परवानगी होती का ते नाही.

तुझ्यासाठी रस्ता गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले जमिनीचे तुकडे नियमित करून घेण्याचा. 2001 चा गुंठेवारी कायदा आधी 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या तुकड्यांनाच लागू होता, 2021 च्या दुरुस्तीनं ती तारीख 31 डिसेंबर 2020 झाली, म्हणजे 2007 चं घर तारखेत बसतं. पण तारखेत बसलं म्हणून झालं असं नाही. आधी तीन गोष्टी बघून घे. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव लागलंय का की नुसतं नोटरीचं साठेखत आहे, कारण असंख्य गुंठेवारी घरांची गाडी तिथेच अडकते. जागेवर डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता किंवा आरक्षण पडलंय का. आणि नदीची पूररेषा किंवा लष्कराचा रेडझोन (बांधकामाला मनाई असलेला पट्टा) येतो का. महापालिकेतून झोन दाखला काढलास की आरक्षणाचं आणि रेषांचं कळतं. यातलं एक जरी आड आलं तर अर्जाला पैसे घालू नकोस.

तीन मजल्यांचा एफएसआय दीड गुंठ्यात, म्हणजे साधारण दीडशे चौरस मीटरात बसतो का हा पुढचा प्रश्न. तिसरा मजला बसला नाही तर निदान दोन नियमित होतील का हे आर्किटेक्टला विचार. दाखला हातात आला की मग बँकेत जा, त्याआधी दहा बँकांत अर्ज टाकू नकोस, प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलला दिसते आणि स्कोअर उगाच खाली येतो. तोवर फायनान्स कंपनीला लेखी विचार की दर कमी करता का. त्यांना रेपोची सक्ती नाहीये, पण आजवरचे हप्ते वेळेवर असतील तर थोडंफार सोडतात. हातात जे जास्तीचे पैसे येतील, बोनस, भिशी, ते मुद्दलात भरत जा, व्याजदर जास्त असलेल्या कर्जात प्रीपेमेंटचा फायदाही जास्त होतो. आणि ते कर्ज फिटेल तेव्हा मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत, 1 डिसेंबर 2023 पासून तसा नियम आहे, त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. वडिलांची खरेदीची कागदपत्रं त्यांच्याकडे असतील तर हे विसरू नकोस.

प्रश्न : आम्ही सॅन होजेला राहतो. घर घेतलं तेव्हाच आधीच्या मालकानं गॅरेजची खोली केलेली होती, बाथरूम आणि छोटं किचन पण आहे, आई-बाबा येतात तेव्हा तिथेच राहतात. सिटीचं परमिट नाही असं आता कळलं. रीफायनान्स करायचंय, अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) आला तर लोन नाकारतील का? — दिवाळी अंक आवर्जून मागवणारे एक वाचक

उत्तर : तुमच्याकडे या एका कारणानं फाइल थेट बंद होते असं नाही. तिकडची बहुतेक लोन पुढे फॅनी मेसारख्या संस्था विकत घेतात आणि फॅनी मेचा नियम असा की विनापरवाना वाढीव काम दिसलं तर अप्रेझरनं कामाचा दर्जा कसा आहे, दिसतं कसं आणि बाजारभावावर काय परिणाम होतो हे रिपोर्टमध्ये लिहायचं. म्हणजे लपवण्यापेक्षा काम नीट दिसणं महत्त्वाचं, उघड्या वायरी, ओल, बाहेर पडायला खिडकी नसणं हे असेल तर आधी दुरुस्त करा. पण ती खोली राहण्याच्या क्षेत्रफळात धरली जाईल अशी आशा ठेवू नका, त्यामुळे किंमत तुमच्या अंदाजापेक्षा कमी येऊ शकते. तिचं भाडं उत्पन्नात दाखवायचा विचार असेल तर परमिटशिवाय तो सोडा. लेंडरला तोंडी न विचारता ईमेलवर विचारा, प्रत्येक लेंडर फॅनी मेच्या वर स्वतःचे नियम लावतो.

परमिटसाठी मात्र तुमच्यासाठी वेळ चांगली आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून एबी 2533 नावाचा कायदा लागू झालाय, 1 जानेवारी 2020 च्या आधी बांधलेल्या अशा एडीयूला (मुख्य घराच्याच प्लॉटवरचं छोटं स्वतंत्र घर) फक्त बिल्डिंग कोडमध्ये बसत नाही म्हणून सिटी परमिट नाकारू शकत नाही, आरोग्य आणि सुरक्षिततेला धोका असेल तरच दुरुस्ती करायला लावते. अर्ज करायच्या आधी परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून खासगी तपासणी गोपनीय ठेवून करून घेता येते, तीच पहिली पायरी करा. खोली 2020 च्या आधीची आहे याचा पुरावा लागेल, घर घेतानाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि लिस्टिंगचे फोटो शोधून ठेवा. आणि आधीच्या मालकानं विक्रीच्या वेळच्या डिस्क्लोजरमध्ये परमिटबद्दल काय लिहिलं होतं तेही वाचा, तिकडे विकणाऱ्याला हे सांगावं लागतं, लपवलं असेल तर तिथल्या वकिलाला एकदा दाखवा, कारण अशा दाव्याला मुदत असते.